मामा आणि एडामामे

नवऱ्याच्या ऑफिसात हल्ली दिवाळीला मिठाईऐवजी गिफ्ट व्हाउचर देतात. यंदाचं होतं लोअर परळमधल्या एका जपानी फ्यूजन रेस्टॉरंट अँड बारचं (नाव सांगत नाही, पुढे थोडी कुरकुर आहे) आणि ते महिनाअखेरीला एक्स्पायर होणार होतं. मागे बारीक अक्षरात अटी. शनिवार-रविवार चालणार नाही, दारूवर चालणार नाही, दुसऱ्या ऑफरबरोबर चालणार नाही, उरलेले पैसे परत नाहीत. म्हणजे आठवड्याच्या मधल्याच दिवशी जायचं आणि दाबून खायचं. नेमके त्याच आठवड्यात औशाहून मामा आलेले, डोंबिवलीत कुणाचा तरी साखरपुडा होता म्हणून, आणि मुक्काम आमच्याकडे. त्यांना घरी खिचडी लावून देऊन आपण दोघांनी सुशी खायला जायचं हे काही बरं दिसत नव्हतं. विचारलं, येता का. म्हणाले, "चला की, जपान तर जपान."

तर मामा म्हणजे गळ्यात तुळशीची माळ, आषाढीला पायी वारी, मटण-मासे-अंडं काही नाही, दारूचा तर प्रश्नच नाही. शेती औसा तालुक्यात, खरिपाला सोयाबीन आणि तूर. नवरा अलिबागचा, ताटात मासा दिसला की बाकीचं जग त्याला दिसत नाही. मी अधली-मधली, लग्नाआधी मासे कधी खाल्ले नव्हते, आता काटे काढून खाते. या तिघांना एका टेबलावर जेवू घालायचं हे कुठल्याही किचनला अवघडच, आणि खरं सांगू का, मला तेच बघायचं होतं. जपानी खाण्याबद्दल मी जमेल तिथून वाचत असते, व्हिडिओ बघत असते, आणि माझं एक ठाम मत झालंय की आपल्याकडच्या फ्यूजनवाल्यांना जपानमधलं शाकाहारी काय आहे ते शोधायचा कंटाळा येतो, सगळं मेयो आणि क्रीम चीजवर भागवतात. त्यावर येतेच.

जागा जुन्या मिलच्या कंपाउंडमधली, बाहेर व्हॅले पार्किंगची गर्दी आणि आत इतका अंधार की मामांनी मेन्यू वाचायला मोबाईलचा टॉर्च लावला. दारातून आत पाऊल टाकलं की सगळा स्टाफ एका सुरात "इराश्शाइमासे" असं ओरडतो, म्हणजे या, स्वागत आहे. मामा थबकले, हात जोडले आणि म्हणाले "रामकृष्ण हरी". स्टाफमधल्या एका पोरानं लगेच हात जोडून "रामकृष्ण हरी" म्हटलं, तो बहुतेक आपलाच असावा. मधोमध मोठा बार, छतापर्यंत बाटल्या, एका कडेला सुशीचं काउंटर, आणि म्युझिक एवढं मोठं की पहिली दहा मिनिटं आम्ही एकमेकांना फक्त "काय?" एवढंच विचारत होतो.

मेन्यू बघितला तर त्यात जपान शोधावं लागतं. बाओ आहेत (ते तैवान-चीनकडचे), डिमसम आहेत (कँटनचे), कोरियन फ्राइड चिकन आहे, थाई करी आहे, आणि शेवटच्या पानावर ट्रफल ऑइल शिंपडलेला पिझ्झा आहे. याला आपल्याकडे फ्यूजन म्हणतात पण हे फ्यूजन नाही हो, ही नुसती यादी आहे. फ्यूजन म्हणजे एका माणसाला दोन्हीकडचं नीट येतंय आणि त्याची कुठंतरी अडचण झालीय, आणि त्या अडचणीतून काहीतरी नवीन निघालंय. नोबू मात्सुहिसाचं बघा. टोकियोत सुशी शिकलेला माणूस, १९७३ला पेरूमध्ये लिमाला गेला, तिथे त्याला हवं ते जपानी सामान मिळेना, म्हणून तिथली मिरची, कोथिंबीर, लिंबू यावर काम चालवायला लागला. मग अर्जेंटिना, मग अलास्का, तिथे स्वतःचं हॉटेल उघडलं आणि थोड्याच दिवसांत ते आगीत जळून गेलं, मग लॉस एंजेलिस, आणि १९८७ला बेव्हर्ली हिल्समध्ये मात्सुहिसा नावाचं रेस्टॉरंट. एका गिऱ्हाइकानं कच्चा मासा खाणार नाही म्हणून प्लेट परत पाठवली तर यानं त्याच माशावर कडकडीत गरम तेल ओतून वरून अर्धवट शिजवला आणि पुन्हा पाठवला, ती डिश पुढे जगभर चालली. पेरूत तर १८९९पासून जपानी मजूर उसाच्या मळ्यांवर येत होते, त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी जे खाणं तयार केलं त्याला निक्केई म्हणतात, आणि लिमामधलं मायदो हे निक्केई रेस्टॉरंट २०२५ला जगातल्या ५० उत्तम रेस्टॉरंटांच्या यादीत पहिलं आलं. हे फ्यूजन. आपल्या मुंबईतही ताजमध्ये जपानी शेफ मोरिमोतोचं वसाबी नावाचं रेस्टॉरंट २००४पासून आहे, तो मोरिमोतोसुद्धा न्यूयॉर्कच्या नोबूच्या किचनमधूनच पुढे आलेला. असो, हे सगळं मी टेबलावर सांगत होते आणि नवरा म्हणाला आधी काहीतरी मागव.

मागवलं एडामामे. मुद्दामच. मामांना काही सांगितलं नाही.

काळ्या खोलगट वाटीत वाफाळत्या हिरव्या शेंगा आल्या, वर जाडं मीठ. वेटरनं दाखवलं, शेंग ओठात धरायची, बोटानं दाबायची, दाणे तोंडात, टरफल बाजूच्या वाटीत. मामांनी एक शेंग उचलली, टॉर्चच्या उजेडात धरली, अंगठा फिरवून तिच्यावरची लव बघितली, उलटीसुलटी केली.

"हे सोयाबीन हाय."

"सर, एडामामे," वेटर.

"आसंल. पण हे सोयाबीन हाय की."

आणि बरोबरच आहे, एडामामे म्हणजे कोवळं सोयाबीनच. शेंग पूर्ण भरलेली पण अजून हिरवी असताना तोडायची, खारट पाण्यात उकडायची, बस. आपल्याकडे तीच शेंग रानात तशीच उभी राहते, पानं गळतात, शेंगा वाळून तपकिरी होतात, मग काढणी, मळणी, पोती, आडत. खायच्या जाती वेगळ्या असतात म्हणा, दाणा मोठा आणि गोडसर, आपल्या जेएस ३३५ किंवा फुले संगम या जाती तेलासाठीच्या, त्या उकडून खाल्ल्या तर तो उग्र कच्चट वास जात नाही. भाजीसाठीच्या जाती भारतातही काढलेल्या आहेत, रांचीची स्वर्ण वसुंधरा, बंगळूरची करुणे, पण आपल्या भागात त्या पेरलेल्या मी तरी बघितल्या नाहीत. हॉटेलांत येतं ते बहुतेक बाहेरून आलेलं फ्रोझन पाकीट.

मामांनी शेंग दाबून दाणे खाल्ले, चावले, मान हलवली, अजून एक उचलली. मग मेन्यू पुन्हा उघडून टॉर्च मारला. "पाचशे पंचेचाळीस?" मग तोंडातल्या तोंडात हिशोब. यंदाचा (२०२५चा) सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८, म्हणजे किलोला त्रेपन्न रुपये. "दहा किलो सोयाबीन झालं की गं ही एक वाटी. आन तो भाव बी खरेदी केंद्रावर नंबर लागला तर." यंदा सप्टेंबरात मराठवाड्यात पाऊस कसा कोसळला ते तुम्ही बातम्यांत बघितलंच असेल, मामांचं ओढ्याकाठचं सगळं रान पाण्यात होतं, उरलं त्यातही दाणा काळा पडला आणि आडतीवर त्याचा जो भाव सांगितला तो त्यांनी मला आजपर्यंत सांगितलेला नाही. ते चिडले वगैरे नाहीत हं. वाटी मात्र एकट्यांनी संपवली, एकही शेंग ठेवली नाही.

महाराष्ट्रात पंचेचाळीस-पन्नास लाख हेक्टरवर सोयाबीन होतं, देशात मध्य प्रदेश आणि आपण असे दोघेच मोठे. आणि आपण ते खात नाही. तेल निघतं, शेकडा अठरा-वीस टक्के, उरलेली पेंड कोंबड्यांना आणि जनावरांना जाते. घरात फार तर गव्हात मूठभर दळून घालतात किंवा त्या सोया वड्या, ज्या मला लहानपणापासून आवडत नाहीत. आणि इथे मेन्यूवर सोयाबीन कुठेकुठे आहे बघा: सोया सॉस, मिसो (सोयाबीन आंबवून केलेली पेस्ट), टोफू, एडामामे, तेरियाकीच्या चकाकणाऱ्या सॉसमध्ये तेच, गोमा म्हणजे तिळाच्या ड्रेसिंगमध्ये तेच. खरा सोया सॉस म्हणजे सोयाबीन आणि भाजलेला गहू यावर कोजी नावाची बुरशी चढवून मिठाच्या पाण्यात महिनोन्महिने मुरवलेला, आपल्या चायनीजच्या गाडीवरचं काळं पाणी वेगळं.

हे ऐकत आमचा वेटर तिथेच उभा. मणिपूरचा मुलगा, चेहऱ्यावरून पंचविशीचा. मुंबईतल्या या असल्या रेस्टॉरंटांत किचनपासून फ्लोअरपर्यंत ईशान्येकडची आणि नेपाळ-दार्जिलिंगची मुलं भरपूर असतात, गिऱ्हाइकाला वाटतं वा काय जपानी वातावरण आणि ती बिचारी इराश्शाइमासे ओरडत असतात. तो म्हणाला आमच्या घरी सोयाबीन रोज असतं. हवाइजार. सोयाबीन उकडायचं, गरम गरम पानांत आणि कापडात बांधायचं, चुलीच्या उबेला दोन-चार दिवस ठेवायचं, की त्याला तार सुटते. मामांची खुर्ची लगेच त्याच्याकडे वळली.

"बास आता है क्या?"

"बहुत आता है अंकल," तो हसायला लागला, "रूममेट लोग झगडा करते हैं."

"हमारे इधर तो सब मिल को जाता है, तेल निकालने को. हम लोग खाताच नहीं."

जपानमध्ये नात्तो म्हणून जो प्रकार असतो, तार सुटलेलं सोयाबीन, सकाळी भातावर घेतात, तो आणि हे हवाइजार जवळपास एकच, जिवाणू त्याच कुळातला. नागालँडचं अखुनीही तसंच. म्हणजे त्या रेस्टॉरंटमध्ये जपानी खाण्याच्या सगळ्यात जवळचं जे होतं ते त्या पोराच्या आईच्या चुलीजवळ होतं, आणि मेन्यूवर मात्र ट्रफल पिझ्झा. नात्तो नव्हतंच मेन्यूवर. मामांनी त्याच्याकडून सगळी कृती नीट विचारून घेतली, पानं कुठली, किती वेळ उकडायचं, मीठ कधी. मामी हे घरात होऊ देणार नाहीत हे मला माहितीये पण मी काही बोलले नाही.

आता कुरकुर. मिसो सोयाबीनचंच असतं म्हटल्यावर मामांना मिसो सूप पाहिजे होतं. मेन्यूवर "व्हेज मिसो सूप", समोर हिरवा ठिपका. मला शंका होती म्हणून विचारलं, स्टॉक कशाचा आहे. वेटर आत जाऊन आला आणि प्रामाणिकपणे म्हणाला, मॅडम, भाज्या सगळ्या व्हेज आहेत, पण दाशी तीच आहे. म्हणजे काय, तर जपानी स्वयंपाकाचा जो पाया, दाशी, ती साधारणपणे कोम्बू नावाचं समुद्री शेवाळ आणि कात्सुओबुशी म्हणजे वाळवून, धुरी देऊन, लाकडासारख्या कडक केलेल्या बोनिटो माशाचा कीस यांची असते. म्हणजे सूपमध्ये मासा. माळकऱ्याच्या समोर. हिरव्या ठिपक्यासकट. मी आवाज चढवला नाही पण मॅनेजरला बोलवलं. त्याचं पहिलं उत्तर, "मॅम, इट्स ओन्ली फ्लेव्हर". अरे बाबा, फ्लेव्हर आहे म्हणूनच तर विचारतेय.

मग शेफ स्वतः बाहेर आला आणि हा माणूस मात्र कामाचा निघाला. म्हणाला दुसऱ्या डिशसाठी सुके शिताके मशरूम भिजत घातलेत, त्याचं पाणी आणि कोम्बू घेऊन वेगळी दाशी करतो, वीस मिनिटं द्या. दिली. आणि ते सूप, मी घोटभर घेतलं मामांच्या वाटीतलं, माझ्या माशाच्या दाशीवाल्या सूपपेक्षा चांगलं होतं. याला कारण आहे. १९०८ला किकुनाए इकेदा या जपानी केमिस्टनं कोम्बूमधून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी नाव दिलं. सुक्या शिताकेमध्ये ग्वानिलेट नावाचं दुसरं द्रव्य असतं, आणि ही दोन एकत्र आली की चव नुसती बेरीज होत नाही, कितीतरी पटीनं वाढते. बोनिटो आणि कोम्बूचंही तसंच होतं, फक्त तिथलं द्रव्य वेगळं. म्हणजे शाकाहारी दाशी ही तडजोड नाहीच मुळी.

आणि हेच माझं मघाचं म्हणणं. जपानमध्ये बौद्ध मठांत शोजिन र्योरी नावाचं खाणं शेकडो वर्षं चालत आलंय, मांस नाही, मासा नाही, इतकंच काय कांदा-लसूणही नाही. तेराव्या शतकातल्या डोगेन या झेन गुरूनं मठाच्या स्वयंपाक्यानं कसं वागावं, तांदूळ कसे धुवावेत यावर सविस्तर लिहून ठेवलंय. कोयासानच्या मठांत आजही पाहुण्यांना तेच वाढतात, तिळाचं दूध काढून कुझूच्या पिठावर घट्ट केलेलं गोमादोफू, सुकवून ठेवलेलं टोफू, लोणची, डोंगरातल्या भाज्या. जैन गिऱ्हाईक, माळकरी गिऱ्हाईक, एकादशीवालं गिऱ्हाईक ज्या शहरात रोज येतं तिथल्या जपानी रेस्टॉरंटनं यातलं पान अर्धं तरी ठेवायला नको? तर मेन्यूवर काय होतं, "जैन ड्रॅगन रोल", आत क्रीम चीज, वर मेयो, बाजूला गोड सॉसची नक्षी. मागवला आम्ही तो. मामांनी एक तुकडा खाल्ला आणि म्हणाले "थंड भात हाय", पुढचा घेतला नाही. सुशीचा भात हाताला कोमट लागायला हवा, फ्रिजमधला नको, एवढं तरी.

टेम्पुरा मात्र फर्स्टक्लास. रताळं, भोपळा, फरसबी, वांगं, आणि शेवटी कांदा-गाजराच्या काड्या एकत्र तळलेली काकिआगे. "ही भजी हाय," मामांनी जाहीर केलं आणि प्लेट स्वतःकडे ओढली. भजीच, पण पीठ बेसनाचं नाही, मैद्याचं, बर्फाच्या पाण्यात जेमतेम कालवलेलं, गुठळ्या राहिल्या तरी चालतील पण फेटायचं नाही, कारण फेटलं की मैद्याला चिवटपणा येतो आणि आवरण जाड होतं. इतकं पातळ आवरण होतं की फरसबीचा हिरवा रंग आतून दिसत होता. आणि गंमत म्हणजे हा प्रकारही जपानचा मूळचा नाही, पोर्तुगीजांकडून गेला असं मानतात. पोर्तुगीज १५४३ला जपानला पोचले, १५४९ला फ्रान्सिस झेवियर कागोशिमाला उतरला, तोच ज्याचं शव जुन्या गोव्याच्या बासिलिकेत आहे, आणि पुढे कितीतरी वर्षं गोव्याहून मकाव आणि मकावहून नागासाकी अशी पोर्तुगीजांची जहाजं जात होती. फरसबी पिठात बुडवून तळायचा प्रकार पोर्तुगालमध्ये अजून करतात. तेव्हा अस्सल जपानी हवं म्हणून जे लोक टेम्पुरा मागवतात त्यांनी जरा जपून.

नवऱ्यानं सालमनची निगिरी (भाताच्या मुटक्यावर कच्च्या माशाचा काप) मागवली होती आणि तो डोळे मिटून खात होता, त्यामुळे त्याला सांगून टाकलं की सालमन हीसुद्धा जपानी परंपरा नाही. तिकडच्या पॅसिफिक सालमनमध्ये परजीवी असतात म्हणून जपानी लोक तो भाजूनच खायचे. १९८०च्या दशकात नॉर्वेकडे पाळलेल्या सालमनचा साठा वाढत गेला, गिऱ्हाईक पाहिजे होतं, तेव्हा त्यांनी प्रोजेक्ट जपान नावाची मोहीमच काढली आणि सुशीवर सालमन चढवायला काही वर्षं खर्ची घातली. आता जपानी पोरांना सुशीत सालमनच लागतो. नवरा म्हणाला, छान, अजून एक प्लेट सांग.

वसाबीचं सांगायलाच पाहिजे. प्लेटच्या कोपऱ्यात हिरवी गोळी असते ती बहुतेक ठिकाणी वसाबी नसतेच, हॉर्सरॅडिश नावाचं मूळ, मोहरी आणि हिरवा रंग. खरी वसाबी म्हणजे वाहत्या थंड पाण्यात वाढणारं एक खोड, महाग, शार्कच्या कातड्याच्या किसणीवर आयत्या वेळी किसायचं आणि काही मिनिटांत संपवायचं, नाहीतर झणका उडून जातो. मामांनी टूथपिकवर वाटाण्याएवढी घेऊन तोंडात टाकली, मी थांबवायच्या आत. डोळ्यांत पाणी, एक हात टेबलावर आपटला, दोन श्वास, आणि मग शांतपणे: "मोहरी फेसली काय यांनी?" मी थक्क झाले, कारण नाकात जाणारं ते द्रव्य मोहरीत, हॉर्सरॅडिशमध्ये आणि वसाबीत तेच एक आहे, वाटल्या-किसल्यावरच तयार होणारं. मिरचीसारखं जिभेवर बसून राहत नाही, उडतं, नाकात चढतं आणि गेलं की गेलं. आजी लोणच्याला मोहरी फेसायची तेव्हा आम्हाला माजघरातून बाहेर काढायची.

बारकडचं थोडक्यात, कारण व्हाउचर दारूवर चालत नव्हतं आणि आम्ही एकेकच घेतलं. नवऱ्यानं जपानी व्हिस्कीचा हायबॉल. उंच ग्लास, त्यात बर्फाचा एकच लांब तुकडा, इतका स्वच्छ की ग्लासात बर्फ आहे हे आधी कळलंच नाही. पाणी एकाच बाजूनं हळूहळू गोठवलं की आतली हवा दुसऱ्या टोकाला ढकलली जाते, तो ढगाळ भाग कापून टाकतात. व्हिस्कीच्या तिप्पट-चौपट सोडा, चमचा एकदाच फिरवायचा म्हणजे बुडबुडे जात नाहीत. जपानची पहिली व्हिस्की डिस्टिलरी यामाझाकी, १९२३ची, आणि ती उभी करणारा ताकेत्सुरु स्कॉटलंडला जाऊन शिकून आला होता, म्हणजे तिथेही उचलेगिरीच, पण निगुतीनं केलेली. मी घेतलं कोकम आणि साके, म्हणजे तांदळाची जपानी दारू, यांचं कॉकटेल. छान होतं, साके मागे आणि कोकमचा आंबटपणा पुढे, काठाला जिऱ्या-मिठाची कड. त्या मेन्यूत खरं फ्यूजन म्हणावं असं मला तरी हेच दिसलं, बारटेंडरला दोन्ही चवी कळत होत्या. मामांना त्याच कोकमचं साके वगळून सरबत करून दिलं, वर सोडा, आणि त्याचे पैसे लावले नाहीत.

शेवटी पनीर कात्सू करी. पनीर पान्को म्हणजे जपानी ब्रेडक्रम्ब्समध्ये घोळवून तळलेलं, शेजारी भात, वर ती दाट तपकिरी गोडसर करी. हसू नका, उत्तम होती. जपानला करी पोचली ब्रिटिशांमार्फत, मेइजी काळात, नौदलाच्या जेवणातून पसरली, म्हणून त्यात रू, म्हणजे लोण्यात परतलेला मैदा, असतो आणि ती आपल्याला ओळखू येत नाही. टोकियोत शिंजुकूच्या नाकामुराया बेकरीनं १९२७ला भारतीय पद्धतीची करी विकायला सुरुवात केली ती रासबिहारी बोस यांच्यामुळे, ब्रिटिशांपासून लपायला ते १९१५ला जपानला गेले आणि त्याच घराचे जावई झाले. कात्सू पण पाश्चात्य कटलेटवरून आलेलं. तेव्हा त्या ताटात पनीर आलं तर कुणाचं काही बिघडत नाही. मामांनी भात अजून मागितला, चमचा ठेवून हातानं कालवला आणि शेजारच्या टेबलावरची दोन मुलं बघत राहिली तर त्यांना "जेवा, जेवा" म्हणाले.

बिलात दहा टक्के सर्व्हिस चार्ज आधीच धरलेला. हा ऐच्छिक असतो, ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२च्या गाइडलाइन्समध्ये स्पष्ट आहे की बिलात आपोआप लावता येत नाही, आणि दिल्ली हायकोर्टानं २०२५च्या मार्चमध्ये त्या कायम ठेवल्या. काढा म्हटलं की काढतात, आमचाही निमूटपणे काढला. खाण्यावर पाच टक्के जीएसटी, दारूवर वेगळा दहा टक्के व्हॅट. व्हाउचर वजा जाऊन खिशातून जे गेलं ते मामांना दाखवलं नाही, फोल्डर मिटून टाकलं. सर्व्हिस चार्जच्या ऐवजी त्या मणिपूरच्या पोराला रोख टीप दिली, मामांनी वरून शंभरची नोट वेगळी काढून त्याच्या खिशात कोंबली आणि फोन नंबर घेतला, हवाइजारसाठी.

जायचं असेल तर दुपारी जा. अशा बऱ्याच ठिकाणी सोमवार ते शुक्रवार लंच सेट असतो, सूप, टेम्पुरा, करी-भात, रात्रीच्या जवळपास निम्म्या पैशात, म्युझिकही कमी असतं. व्हेज असाल तर दाशी कशाची ते ऑर्डर देण्याआधी विचारा, आगेदाशी टोफू आणि ओकोनोमियाकीवर माशाचा कीस भुरभुरतात तो नको म्हणून सांगा, नूडल्सच्या सॉसचंही विचारा, आणि मॅनेजरपेक्षा सरळ शेफला निरोप पाठवा. ड्रॅगन रोलच्या वाटेला जाऊ नका.

मामांचा काल फोन आला होता. पुढच्या खरिपाला बांधाकडेच्या दोन ओळींत भाजीचं सोयाबीन लावून बघायचं म्हणतात, बियाणं कुठं मिळतं ते बघ म्हणाले. रांचीला मेल टाकलाय.